दर बुधवारी पिवळा होणारा ठिपका

ती. आत्या हिस,

ऑफिसच्या खुर्चीतून जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. (समोर टेबल आहे, त्यामुळे पूर्ण वाकता आलेलं नाही. राहिलेला भाग भेटल्यावर पुरा करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? ताईला आता जिने चढायची परवानगी मिळाली का? बाळाचं नाक आपल्याकडचं की जावयांकडचं, याचा निकाल लागला असेल तर कळव. इथे काकांनी आणि मी फोटो उभा-आडवा धरून पाहिला, पण त्या वयात नाकाचं फक्त टोक असतं, असं आमचं मत पडलं. फोन वाजला की बाळ दचकतं म्हणून तू फोन बंद करून ठेवलास, ते बरंच केलंस. पत्राचा एक मोठा फायदा असा, की ऐकणाऱ्याला मध्येच 'मुद्द्याचं बोल' असं म्हणता येत नाही.

इकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहितोय, म्हणजे ते विचारपूर्वक लिहिलेलं आहे.) खिडकीतल्या कुंड्यांपैकी चार जिवंत आहेत आणि पाचवीबद्दल मी काही बोलत नाही. काकांची तब्येत छान आहे. तू गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत तुझे यजमान पोटात बारीक झालेत आणि खांद्यांत रुंद झालेत, आणि या वयात हे कसं जमलं ते ओघाने येईलच. बोटही ठीक आहे. बोटीबद्दलच थोडं लिहायचं आहे, पण त्याआधी मला तुला माझी नोकरी समजावून सांगावी लागेल, कारण चार वर्षं तू शेजारणींना सांगतेस, की भाचा सरकारी कचेरीत कंप्युटरवर मासे धरतो.

तसं नाही. मासे कोणी धरायचे, कुठल्या बोटीने धरायचे आणि कुठे अजिबात धरायचे नाहीत, एवढंच मी पाहतो. मासा म्हणून मी जो पाहिलाय तो ताटातच. आपल्या बंदरातल्या दोनशे बारा बोटींच्या केबिनच्या छपरावर जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी बसवलेली आहे, ती तू पाहिलीस. (तिच्यावर तू काकांचा सदरा वाळत घातला होतास आणि मी तो ऑफिसातून फोन करून काढायला लावला होता, आठवत असेल.) ही पेटी दर पाच मिनिटांनी 'मी इथे आहे' असं वर उपग्रहाला सांगते, उपग्रह ते माझ्या पडद्याला सांगतो आणि पडद्यावर एक ठिपका तसूभर सरकतो. मासेमारीची बोट असली तर ठिपका हिरवा. शहरातल्या हौशी मंडळींना गळ टाकायला घेऊन जाणारी भाड्याची बोट असली तर निळा. हिरव्याने प्रवासी न्यायचे नाहीत आणि निळ्याने जाळं टाकायचं नाही. शिवाय मोठ्या खडकामागे जो संथ पाण्याचा तुकडा आहे, जिथे मासे अंडी घालतात, तिथे हिरव्याने, निळ्याने, कोणीच थांबायचं नाही. वीस मिनिटांहून जास्त थांबलं की ठिपका पिवळा होतो आणि माझ्या टेबलावर घंटा वाजते. मग मी कारण नोंदवायचं. कारण पटण्यासारखं नसेल तर वर कळवायचं. इतकीच माझी नोकरी. ऐकायला सोपी वाटते, पण दोनशे बारा माणसं या क्षणी कुठे आहेत हे ज्याला ठाऊक असतं, त्याच्याशी बंदरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

पेट्या नव्या बसल्या तेव्हा एका चालकाला ती चोरीला जाईल अशी धास्ती होती. तो रोज धक्क्याला लागल्यावर ती स्क्रू काढून पिशवीत घालून घरी न्यायचा. त्यामुळे आमच्या पडद्यावर एक बोट रोज संध्याकाळी साडेपाचला पाण्यातून बाहेर पडायची, बसने बाजारात जायची आणि न्हाव्याच्या दुकानात पाऊण तास नांगर टाकायची. एका रविवारी तीच बोट सासुरवाडीला म्हणून निघाली आणि चार तास पत्त्यांच्या क्लबात उभी राहिली. हे त्याच्या बायकोला कसं कळलं, याची चौकशी अजून चालू आहे. (मी सांगितलेलं नाही.)

तर, तू ताईकडे गेलीस त्याच्या दुसऱ्याच बुधवारी सकाळी दहा वाजता माझी घंटा वाजली. पाहतो तो एकशे सदतीस नंबरचा ठिपका खडकामागे जाऊन उभा आणि चांगला पिवळाधम्मक. एकशे सदतीस म्हणजे तुझी बोट. (तुझी म्हणजे खरोखरच तुझी. नोंदणीच्या दिवशी काका समुद्रावर होते आणि रांगेत तू उभी होतीस, त्यामुळे कागदावर मालक तू आहेस आणि काका चालक. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.) इंजिन अडलं असेल, असं मला वाटलं. मी 'इंजिन बिघाड' असं नोंदवून घंटा बंद केली. पुढच्या बुधवारी दहा वाजता पुन्हा घंटा. पुन्हा तीच जागा, पुन्हा पावणेदोन तास. मी पुन्हा 'इंजिन बिघाड' लिहिलं. जेवताना काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की इंजिन कसं चाललंय. ते म्हणाले, मस्त चाललंय, गेल्या दहा वर्षांत इतकं चाललं नव्हतं. आणि भात वाढून घेतला.

आत्या, आता जे लिहितो ते मी तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या बुधवारीही मी 'इंजिन बिघाड' लिहिलं, आणि तेव्हा ते खोटं आहे हे मला पुरतं माहीत होतं. मी शाळेत असताना ज्या माणसाने माझी खोटी सही पकडून मला शाळेत परत पाठवलं आणि स्वतः बाहेर उन्हात उभं राहून मी मास्तरांना खरं सांगतो की नाही ते पाहिलं, तो माणूस अंड्यांवर आलेले मासे चोरून धरतोय, हे माझ्या पचनी पडेना. घरात तर मला सगळंच संशयास्पद वाटायला लागलं. काका सकाळी न्हाणीघरात शिरले की आतून बादलीत काहीतरी गुडगुडल्यासारखा आवाज यायचा. मी दाराला कान लावला. गुडगुड, मग मोठा श्वास, मग पुन्हा गुडगुड. बाहेर आले की म्हणायचे, घसा साफ करत होतो. दुपारी अंगणात एका पायावर उड्या मारत डोकं तिरकं करून कान आपटायचे. टॉवेल कायम ओले. मला वाटलं, ओल्या टॉवेलांत मासे गुंडाळून आणत असतील. वास घेऊन पाहिला. नुसतंच खारं पाणी.

सहाव्या बुधवारी घंटा वाजली तेव्हा आमच्या अधीक्षक बाई नेमक्या माझ्या मागे उभ्या होत्या. बाई कमी बोलतात. चष्मा साखळीला बांधलेला आहे, तो डोळ्यांवर चढवला की समोरच्याने काय ते समजावं. त्यांनी चष्मा चढवला, मागच्या पाच बुधवारांच्या नोंदी वाचल्या (पहिल्या तिन्हींत 'इंजिन बिघाड', चौथीत 'हवामान', आणि त्या दिवशी पडद्यावर लख्ख ऊन, पाचवीत मला काहीच सुचलं नव्हतं म्हणून नुसतं 'थांबली'), आणि विचारलं, "ही बोट कोणाची?"

"माझ्या आत्याची," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग तुम्हीच जाऊन बघा," बाई म्हणाल्या, "आणि आत्ताच जा. उद्या कोणी म्हणायला नको, की आपण घरचं सोडून बाहेरचं पाहतो."

आत्या, मी त्या ऑफिसात चार वर्षं काढली, पण बोटीत एकदाही बसलो नव्हतो. माझा समुद्र म्हणजे एकवीस इंची पडदा. गस्ती बोटीच्या चालकाला सगळे मौनी म्हणतात, कारण तो दिवसातून चार वाक्यं बोलतो आणि त्यांतली दोन इंजिनाशी. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मला एक लाइफ जॅकेट दिलं. मी ते चढवलं. बोट सुटली. पहिल्या लाटेला सकाळचा चहा वर आला, दुसऱ्या लाटेला आदल्या दिवशीचं जेवण आठवलं, आणि त्यानंतर मी कठडा धरून फक्त एकच विचार करत होतो: मी काकांना पकडणार, मग रात्री त्यांच्यासमोर जेवायला कसा बसणार? नियम असा आहे, की बंद भागात जाळं ओलं सापडलं तर परवाना सहा महिने बंद, पेटी काढून घ्यायची आणि बोट धक्क्याला साखळीने बांधायची. ती साखळी कुठे ठेवलेली असते तेही मला माहीत होतं.

खडकाला वळसा घातला तर समोर तुझी बोट नांगर टाकून उभी. जाळं होतं, पण घडी घालून केबिनच्या छपरावर, खडखडीत कोरडं. डेकवर एक गृहस्थ हातात लांब काठी आणि गळ्यात शिट्टी घालून उभे होते. नीट पाहिलं तर आपल्या शाळेचे निवृत्त पीटीचे मास्तर. ते खाली पाण्याकडे बघून मोजत होते, "एक, दोन, श्वास. एक, दोन, श्वास. गुडघे वाकवू नका, सायकल चालवताय का?" आणि खाली पाण्यात टायरची ट्यूब, आणि ट्यूबमध्ये डोळे गच्च मिटलेले आणि ओठ पुढे काढलेले आपले काका.

काका पोहायला शिकत होते.

आता मला माहीत आहे, तू इथे पत्र खाली ठेवलं असशील. लग्न ठरायच्या आधी काका दोरी दातांत धरून भर वादळात खाडी पोहून गेले आणि भरकटलेली बोट ओढून आणली, ही गोष्ट मी तुझ्या आणि त्यांच्या तोंडून मिळून तीस वेळा तरी ऐकलेली आहे. (मी पाचवीत असताना खाडी पाव मैल होती. कॉलेजात जाईपर्यंत ती एक मैल झाली.) ती गोष्ट अगदीच खोटी नाही. दोरी होती, दात होते, बोटही आणली. फक्त त्या वेळी ओहोटी होती आणि पाणी कमरेएवढं होतं, आणि काका चालत गेले. पहिल्या दिवशी तू 'पोहत गेलात?' असं विचारलंस आणि डोळे असे मोठे केलेस, की त्यांना नाही म्हणवेना. त्यानंतर सदतीस वर्षं नाही म्हणायला बरा दिवस सापडला नाही. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. त्याआधी आणखी एक प्रकार घडला.

तपासणीच्या फोटोत अधिकाऱ्याचं ओळखपत्र स्पष्ट दिसलं पाहिजे असा नियम आहे. माझं ओळखपत्र लाइफ जॅकेटखाली झाकलं जात होतं, म्हणून मी जॅकेट काढून ठेवलं. (नियम करणारा माणूस बोटीत बसलेला नसावा.) एका हातात तपासणीचं यंत्र, म्हणजे बोटीवरची इलेक्ट्रॉनिक पट्टी वाचणारं ते फोनसारखं असतं ते, घेऊन मी गस्ती बोटीच्या कडेवर उभा राहिलो आणि ऑफिसच्या आवाजात म्हणालो, की बोट क्रमांक एकशे सदतीस, आपण प्रतिबंधित क्षेत्रात. तेवढ्यात काकांनी डोळे उघडले. मला पाहून त्यांचं तोंड उघडलं, मी एक पाय तुझ्या बोटीवर ठेवला, आणि मग दोन्ही बोटींनी आपापसांत काय ठरवलं कोण जाणे, त्या एकमेकींपासून लांब निघाल्या. माझा एक पाय या बोटीवर, एक त्या बोटीवर. असा माणूस फार वेळ उभा राहू शकत नाही, हे तेव्हा कळलं.

पाण्यात पडल्यावर काय होतं ते मी लिहीत बसत नाही. थंडगार असतं, नाकात जातं, आणि वर कुठे नि खाली कुठे हे कळत नाही. दोनदा मी वर आलो आणि दोनदा गेलो. आणि मास्तर काठी पुढे करतात तोवर, मौनी दोरी सोडतो तोवर, काका ट्यूबमधून बाहेर पडले. ट्यूब तशीच राहिली. त्यांना तोवर सलग आठ हात मारता येत होते, हे मास्तरांच्या वहीत लिहिलेलं आहे. मी होतो तिथवर तेरा हात लागले. मास्तर म्हणतात, पद्धत एकही नव्हती, पाय सायकलचेच होते, पण शिट्टी वाजवायची मास्तर स्वतःच विसरले. काकांनी माझी कॉलर धरली आणि मला इतकंच आठवतं, की माझ्या कानाशी कोणीतरी धापा टाकत म्हणत होतं, "एक, दोन, श्वास. एक, दोन, श्वास." ते मला सांगत होते की स्वतःला, देव जाणे. मीही घेतला.

मग आम्हा दोघांना काठीने आणि दोरीने मिळून वर घेतलं. तपासणीचं यंत्र बुडालं. त्या यंत्रातही तशीच एक चिमुकली पेटी असते, त्यामुळे त्याची शेवटची जागा म्हणून आमच्या पडद्यावर अजून तिथेच एक पिवळा ठिपका आहे आणि रोज सकाळी घंटा वाजते. बंद भागात इतका सलग कोणीच थांबलेलं नाही.

तुझ्या बोटीच्या डेकवर आम्ही दोघं एकाच टॉवेलात बसलो. मास्तरांनी थर्मासातला चहा दिला. काकांचे दात वाजत होते आणि ते माझ्याकडे न बघता उजवा खांदा चोळत होते. मग त्यांनीच सांगितलं. गेल्या वर्षापासून जाळं ओढताना खांदा साथ देत नाही. डावा हात आणि कंबर मिळून कसंबसं निभावतात, पण भरलं जाळं आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून बोट हिरव्यातून निळ्यात न्यायची, शहरातल्या लोकांना गळ टाकायला न्यायचं, बसून सुकाणू धरायचं, असं त्यांनी मनात धरलं. फोनवर त्याचा अर्ज उघडून पाहिला, तर त्यात चालकाला पोहणे येण्याबद्दल रकाना. मास्तरांना गाठलं. धक्क्याजवळच्या पाण्यात शिकावं तर अख्खं बंदर बघणार आणि ती खाडीची गोष्ट अख्ख्या बंदराला पाठ आहे. म्हणून खडकामागे. तिथे मासे अंडी घालतात हे त्यांना माहीत होतं, पण मास्तर म्हणाले, आपण जाळं टाकत नाही, आपण मासेही नाही, मग माशांना काय अडचण? आणि ठिपक्याचं काय, असं मी विचारलं. तर काका अगदी सहज म्हणाले, "ठिपका तू बघतोस ना. मला वाटलं, तुला समजलं असेल."

मी विचारलं, मग आत्याला का सांगितलं नाही? पोहण्याचं राहू दे, खांद्याचं तरी?

काकांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "खांद्याचं सांगायचं म्हणजे म्हातारा झालो हे सांगायचं. आणि ती ज्याच्याशी लग्न करून आली, तो खाडी पोहून गेलेला होता."

मी टॉवेलाचं माझ्याकडचं टोक त्यांच्या उजव्या खांद्यावर घातलं. मौनीच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर तसंही कायम पाणी उडालेलं असतं.

ऑफिसात परत येऊन मी बाईंसमोर ओल्या कपड्यांनी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, तिन्ही 'इंजिन बिघाड' धरून. त्या नोंदी खोट्या आहेत हे तोंडाने बोललो तेव्हा पाण्यात पडलो त्याहून जास्त गार वाटलं, पण नंतर हलकंही वाटलं. बाईंनी चष्मा चढवला, काढला, पुन्हा चढवला. म्हणाल्या, की ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासणाऱ्याला वाचवलेलं असल्यामुळे अहवाल मला लिहिता येणार नाही, मौनीने लिहावा. मौनीने लिहिला. पूर्ण अहवाल असा: 'जाळे कोरडे. अधिकारी पडले. चालकाने काढले.' बाई म्हणाल्या, चार वर्षांत या ऑफिसात इतका चांगला अहवाल आलेला नाही. जाळं कोरडं म्हणून परवाना शाबूत राहिला. साखळी जिथे होती तिथेच आहे. बोटीला लेखी ताकीद, आणि शिकवणी बंद भागाच्या रेषेबाहेर न्यायची असं ठरलं. (आता ते खडकाच्या अलीकडे शिकतात. तिथे लाटा जरा जास्त आहेत, पण मास्तर म्हणतात, त्यानेच पाय सुधारले.) मला मात्र पडद्यापुढून उठवून सहा महिन्यांसाठी नोंदणीच्या खिडकीवर बसवलं आहे. रास्त आहे. खिडकीवर माणसं समोर येऊन बोलतात, काही तर हसतातही, आणि मला घंटेशिवाय जेवता येतं.

काकांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, की यातलं अक्षरही तुला कळवायचं नाही. मी ते दिलं आणि पाळणारही होतो. पण ते का मोडावं लागलं ते खाली आहे. ताईला आणि जावयांना नमस्कार, बाळाचा एक पापा. गुडघ्यांना तेल लावत जा आणि ते लावायला ताईला सांग, स्वतः वाकू नकोस.

तुझा, आता पूर्ण वाळलेला,
भाचा

ता. क. पाकिटात एक पिवळा कागद आहे. तो आधी हाताला लागला असेल तर घाबरू नकोस. ती ताकीद आहे आणि ती बोटीच्या मालकाच्या नावे निघते, म्हणजे तुझ्या. कागदावर 'प्रतिबंधित क्षेत्रात सहा वेळा थांबली' आणि त्याखाली 'तपासणीच्या वेळी चालक पाण्यात आढळला' असं आहे. नुसतं एवढंच वाचून तू तिथल्या तिथे गाडी धरून आली असतीस, म्हणून हे एवढं लांब पत्र. दोन ठिकाणी सही कर आणि पंधरा दिवसांत परत पाठव. 'मालकाचे म्हणणे' असा रकाना आहे, तो कोरा ठेवला तरी चालेल. (भरलास तर कृपा करून एकाच रकान्यात बसेल एवढंच लिही. बाई वाचतात.)

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. काकांना तू आपणहून एक पत्र लिही, की जाळं आता पुरे झालं, मला माशांच्या वासाशिवाय एकदा आपल्या बोटीत बसायचंय, बोट भाड्याच्या फेऱ्यांना लावा. खांद्याचं नाव काढू नकोस, खाडीचंही नाही. तुझीच इच्छा आहे असं दिसू दे. ते आधी आढेवेढे घेतील, दोन दिवस गप्प बसतील, आणि मग तुझ्यासाठी म्हणून कबूल होतील. अर्ज त्यांनी फोनवर दिसतो तसाच दुकानातून छापून घेऊन भरून ठेवलेला आहे, सदऱ्यांच्या कप्प्यात, वर्तमानपत्राखाली.

ता. क. तिसरा, आणि हा ताईलाही वाचून दाखवू नकोस. खिडकीवर आल्यापासून तोच अर्ज मी दिवसातून चारदा बघतो, आणि ऑफिसच्या रुंद पडद्यावर ती ओळ पूर्ण दिसते: 'चालकास पोहणे येत असल्यास नमूद करावे (ऐच्छिक).' काकांच्या फोनच्या पडद्याला कड आहे, ती बरोबर त्या कंसाच्या आधी येते. लाइफ जॅकेटं पुरेशी असली आणि चालकाने वर्गात बसून दोन तासांचं शिक्षण घेतलं की झालं; पोहण्याची सक्ती कोणालाच नाही, कधीच नव्हती. मी हे बाईंना दाखवलं. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, की ऑफिसच्या वतीने हे कोणालाही कळवायची गरज नाही. काल काका बोटीपासून खडकापर्यंत बेचाळीस हात मारून गेले आणि खडकाला हात लावून आले. मास्तरांनी वहीत तारीख घातली. तू आलीस की तुला दाखवायचा बेत आहे. तेव्हा डोळे पहिल्यासारखेच मोठे करशील ना? आणि अर्जावर मालक म्हणून सही करताना तो रकाना वाचून हसू नकोस. तिथे एकाच शब्दापुरती जागा आहे. काकांनी दोन बसवलेत: 'उत्तम येते.'